जत्रेतले पाल आणि घरचा उंबरठा

गेल्या महिन्यातल्या एका रविवारी सकाळी माझी धाकटी बहीण आणि तिचा मुलगा आमच्याकडे आले. बहिणीच्या हातात नेहमीप्रमाणे डबा होता, भाच्याच्या हातात मात्र फाइल होती. ३६ वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला फाइल धरण्याच्या तऱ्हा ओळखता येतात. ठेव ठेवायला आलेला माणूस ती काखेत मारतो, कर्ज मागायला आलेला छातीशी धरतो. भाच्याने ती छातीशी धरली होती.

पोहे संपेपर्यंत कोणी विषय काढला नाही. मग बहीणच म्हणाली, "दादा, तुझी एक सही हवी होती. जामीनदार म्हणून."

कर्ज २५ लाखांचे होते. तारण होते बहिणीचे कोथरूडमधले दोन खोल्यांचे घर. माझ्या मेहुण्यांनी ते पै पै साठवून घेतले आणि शेवटचा हप्ता फेडल्यावर वर्षभरात ते गेले. त्या घराखेरीज बहिणीकडे पेन्शन आहे, आणि हा मुलगा आहे.

भाचा ३१ वर्षांचा, संगणक अभियंता. चांगली नोकरी सोडून त्याला स्वतःचे काही उभारायचे आहे. परदेशी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांसाठी कीर्तने, नाट्यसंगीताच्या बैठका आणि लहान मुलांच्या गोष्टी त्यांच्या घरच्या टीव्हीवर पोहोचवायच्या, अशी त्याची कल्पना. त्यासाठी त्याला टीव्हीवर चालणारी ॲप्स तयार करायची होती. कल्पना मला मनापासून आवडली. मुलाकडे अमेरिकेत सहा महिने राहायला गेलेली आजी मोबाइलशी झटापट करील, पण रिमोटचे बटण दाबून सोफ्यावर नातवंडांना जवळ घेऊन कीर्तन निश्चित ऐकेल. जे एकट्याने पाहायचे ते मोबाइलवर आणि जे चौघांनी मिळून पाहायचे ते टीव्हीवर, हे भाच्याचे म्हणणे मला पटले.

तरीही मी सही केली नाही. मी त्याला प्रश्न विचारत राहिलो. जागा कोणाची? गिऱ्हाइकांची यादी कोणाकडे? उद्या हलायची पाळी आली तर काय उचलता येईल? दुपारी दोन वाजेपर्यंत हेच चालले. शेवटी बहीण चिडून म्हणाली, "परक्या माणसांना लाखांनी कर्जं वाटलीस तेव्हा इतके प्रश्न विचारले होतेस का रे?"

मी म्हटले, "नव्हते विचारले. म्हणूनच आज विचारतोय."

हा प्रश्न आता केवळ माझ्या घरचा राहिलेला नाही. आज महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत एखादा मुलगा किंवा मुलगी ॲप तयार करण्याचे स्वप्न पाहत असेल, आणि आईवडील आपली पुंजी काढून द्यायला तयार असतील. म्हणून हे चारचौघांत मांडावेसे वाटले.

आधी या धंद्याची जागा समजून घेऊ. आपल्या नव्या टीव्हीच्या पडद्यावर जे रंगीत चौकोन दिसतात ती एकेक दुकाने आहेत असे समजा. कुणाचे सिनेमाचे, कुणाचे क्रिकेटचे, कुणाचे भजनाचे. ही दुकाने ज्या जागेवर उभी आहेत ती जागा मात्र दुकानदाराची नाही. सॅमसंगच्या संचात ती सॅमसंगची, एलजीच्या संचात एलजीची, इतर अनेक संचांत गूगलची. शिवाय ॲमेझॉनची फायर टीव्ही आहे, ॲपलची पेटी आहे आणि अमेरिकेत अनेक घरांत रोकू नावाची पेटी आहे. यांना बंदिस्त म्हणायचे ते अशासाठी, की मालकाने संमती दिली तरच तुमचा चौकोन पडद्यावर येतो. वेबसाइट काढायला कुणाची परवानगी लागत नाही, इथे लागते. प्रत्येक मालकाचे नियम निराळे, तपासणी निराळी, आणि पुष्कळदा ॲप लिहिण्याची रीतही निराळी. रोकूने तर ॲप्स लिहिण्यासाठी ब्राइटस्क्रिप्ट नावाची आपली स्वतःची संगणकभाषा ठेवली आहे. ती शिकण्यात घातलेला काळ दुसऱ्या मालकाच्या दारात जवळजवळ कामाचा नाही.

हे ऐकताना मला भोसरी आठवली.

१९९४ सालची गोष्ट. मी तेव्हा आमच्या बँकेच्या शाखेत कर्जविभाग पाहत होतो. भोसरीच्या एमआयडीसीतला एक तरुण उद्योजक माझ्याकडे आला. एका मोठ्या वाहन कंपनीला तो लोखंडी ब्रॅकेट पुरवत असे. गिऱ्हाईक एकच, पण कसे! वर्षभराच्या ऑर्डरी हातात, पैसे वेळेवर. त्याला त्या एकाच भागासाठी खास बनवलेले यंत्र, ज्याला कारखान्यात एसपीएम म्हणतात, ते घ्यायचे होते. मी ताळेबंद पाहिला, खूश झालो आणि कर्ज मंजूर केले. तारण म्हणून त्याच्या थोरल्या भावाचे घर घेतले.

दोन वर्षांनी कंपनीने गाडीची रचना बदलली. लोखंडी ब्रॅकेटच्या जागी प्लास्टिकचा भाग आला. कंपनीने कुणाला फसवले नाही, कुणाचे पैसे बुडवले नाहीत. दोन ओळींचे पत्र आले: अमुक तारखेनंतर हा भाग लागणार नाही. त्या यंत्रावर दुसरे काहीच बनत नव्हते. ते भंगाराच्या भावात गेले आणि पाठोपाठ घर विकावे लागले. ज्या दिवशी कर्जखाते बंद झाले त्या दिवशी थोरला भाऊ माझ्या टेबलासमोर बसला होता. तो चिडला नाही, रडला नाही. एवढेच म्हणाला, "साहेब, धंदा त्याचा होता, घर माझं होतं."

त्यानंतर पुष्कळ कर्जे मी मंजूर केली, काही बुडालीही. पण हे वाक्य मनातून गेले नाही. त्या प्रकरणात कागदोपत्री माझी चूक कोणी दाखवली नाही. चूक एवढीच होती की गिऱ्हाईक किती मोठे आहे हे मी पाहिले आणि ते एकच आहे, हे पाहिले नाही.

भाचा म्हणाला, "मामा, ते कारखान्याचं झालं. सॉफ्टवेअरचं तसं नसतं." म्हणून मी घटना तपासायला बसलो. निवृत्त माणसाला वेळ असतो आणि बँकवाल्याला तारखांची हौस असते.

नेटफ्लिक्सचेच पाहा. २००८ साली या कंपनीने आपल्या चित्रपटसूचीची माहिती बाहेरच्या प्रोग्रामर मंडळींना खुली केली. या, हवी ती ॲप्स बनवा, असे ते आमंत्रण होते. अनेकांनी कष्ट घेतले. कुणी चित्रपट शोधायची सोय केली, कुणी नवे काय आले ते कळवणारी. मार्च २०१३ मध्ये कंपनीने नव्या लोकांना दार बंद केले आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये, मोजके भागीदार वगळता, सर्वांनाच बंद केले. नेटफ्लिक्स लहान होती तेव्हा तिला या मंडळींचा उपयोग होता. मोठी झाल्यावर तो उरला नाही. यात दुष्टावा नाही, व्यवहार आहे.

रोकूची कथा तर आमच्या विषयाच्या अगदी जवळची. मे २००८ मध्ये नेटफ्लिक्स टीव्हीवर दाखवणारी पेटी या कंपनीने आणली आणि लवकरच इतरांनाही तीवर वाहिन्या काढू दिल्या. तिथे एक खासगी वाट होती. वाहिनी दुकानात अधिकृतपणे न मांडताही तुम्ही प्रेक्षकांना एक सांकेतिक शब्द द्यायचा, त्यांनी तो आपल्या पेटीत भरायचा, की तुमचा चौकोन त्यांच्या पडद्यावर हजर. लहान संस्थांना आणि हौशी मंडळींना ही वाट सोयीची होती. या वाटेने चोरीचा मालही येत असे, त्यामुळे कंपनीची बाजूही समजण्यासारखी आहे. २३ फेब्रुवारी २०२२ रोजी ती वाट बंद झाली. तिच्या जागी जी सोय आली ती चाचणीपुरती: जास्तीत जास्त २० प्रेक्षक आणि १२० दिवस. ज्यांना प्रोग्रॅमिंग येत नाही त्यांच्यासाठी वाहिनी काढायची एक तयार पद्धत रोकूने ठेवली होती, तीही जानेवारी २०२४ मध्ये बंद झाली. ज्यांनी तीवर वाहिनी उभारली होती त्यांना ती पुन्हा पहिल्यापासून लिहून घेणे भाग पडले.

आणि अगदी अलीकडे, सप्टेंबर २०२५ मध्ये, ॲमेझॉनने फायर टीव्हीसाठी व्हेगा नावाची नवी प्रणाली आणली. आजवरच्या फायर टीव्ही अँड्रॉइडच्या पायावर उभ्या होत्या. या नव्या पेट्यांचा पाया वेगळा. म्हणजे तिथेही ॲप नव्याने लिहिणे आले. घर तेच, भाडेकरू तोच, पण मालकाने जमीनच बदलली.

थोरामोठ्यांचीही यातून सुटका नाही. अमेरिकेत गूगलची यूट्यूब टीव्ही नावाची पैसे भरून घ्यायची सेवा आहे. गूगल आणि रोकू यांचे अटींवरून बिनसले आणि ३० एप्रिल २०२१ रोजी ती सेवा रोकूच्या दुकानातून उतरवली गेली. समझोता व्हायला ८ डिसेंबर उजाडला. सात महिने! गूगलला सात महिने सोसता येतात. कोथरूडच्या दोन खोल्यांना सात हप्ते चुकवणे सोसत नाही.

आपल्याकडचे उदाहरण हवे असेल तर ते मोबाइलचे आहे, पण तत्त्व तेच. १ मार्च २०२४ रोजी गूगलने शुल्काच्या वादावरून काही भारतीय कंपन्यांची ॲप्स आपल्या प्ले स्टोअरवरून काढायला सुरुवात केली. नोकरी, ९९एकर्स, भारत मॅट्रिमोनी यांसारखी घरोघरी ठाऊक असलेली नावे त्यांत होती. नोकरी, घर आणि लग्न, मध्यमवर्गीय संसाराचे तिन्ही खांब एका दिवसात हलले म्हणायचे! केंद्रीय मंत्र्यांनी लक्ष घातले आणि चार-पाच दिवसांत ॲप्स परत आली.

जुन्या वाचकांना यावरून १९७१ साल आठवेल. दादा कोंडके यांचा 'सोंगाड्या' दादरच्या कोहिनूर चित्रपटगृहात एका हिंदी चित्रपटासाठी डावलला जात होता. शिवसेना मध्ये पडली आणि चित्रपट लागला. पुढचा इतिहास सर्वांना माहीत आहे. पडदा दुसऱ्याचा असला की काय होते, हे मराठी माणसाला टीव्हीची पेटी येण्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे. पण दोन्ही प्रसंगांतली खरी गोष्ट वेगळीच आहे. दोन्ही वेळा पाठीशी कुणी मोठे उभे राहिले. एकट्याने बसून कीर्तनाचे ॲप लिहिणाऱ्या पोराच्या पाठीशी कोण उभे राहणार?

भाडेकरूच्या पाठीशी निदान कायदा तरी असतो. मुंबईत १९४७ च्या भाडे कायद्याने मालकाला वाटेल तेव्हा भाडेकरूला बाहेर काढायची सोय ठेवली नाही. कारण द्यावे लागे आणि ते कोर्टात टिकावे लागे. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानेही ते संरक्षण मुळातून काढले नाही. ॲपवाल्याच्या हातात मात्र कंपनीचा करार असतो. तो त्याने लिहिलेला नसतो, त्यातला शब्द बदलायची त्याला मुभा नसते, कंपनीला असते.

चित्र हळूहळू बदलते आहे, हेही सांगितले पाहिजे. युरोपीय संघाच्या डिजिटल बाजारविषयक कायद्याने मार्च २०२४ पासून मोठ्या कंपन्यांवर बंधने आणली आहेत. आपल्या स्पर्धा आयोगाने एप्रिल २०२५ मध्ये अँड्रॉइड टीव्हीच्या प्रकरणात गूगलशी तडजोड मान्य केली. गूगलने २० कोटी २४ लाख रुपये भरले आणि टीव्ही बनवणाऱ्यांना आपला सगळा संच एकत्र घ्यायला न लावता प्ले स्टोअर वेगळे देण्याचे कबूल केले. चांगले झाले. पण हा दिलासा टीव्ही बनवणाऱ्यांना आहे. ॲप बनवणाऱ्याच्या घराचा हप्ता त्याने भरला जात नाही.

मग या जागांवर जाऊच नये का? असे मी म्हणणार नाही, आणि भाच्यालाही म्हटले नाही. त्याचा मुद्दा बिनतोड होता. "मामा, ज्यांच्या घरात जायचंय त्यांच्याच दारातून जावं लागणार ना?" न्यूजर्सीतल्या आजींना अनोळखी वेबसाइटवर कार्डाचा क्रमांक भरायची भीती वाटते, ओळखीच्या कंपनीच्या पडद्यावर वाटत नाही. विश्वास, पैसे घेण्याची सोय, चोरीपासून थोडेफार संरक्षण, हे सारे मालक पुरवतो. त्याबद्दल तो हिस्सा घेतो. ॲपल वर्गणीतून १५ ते ३० टक्के घेत आली आहे. जत्रेत गर्दी देवस्थानामुळे होते, आपल्या दुकानामुळे नव्हे. मग देवस्थानाने पावती फाडली म्हणून रागावण्यात अर्थ नाही.

पण जत्रेत माणूस पाल ठोकतो, वाडा बांधत नाही. बांबू, कनात आणि मालाची पेटी एवढेच नेतो, आणि उठ म्हटले की तासाभरात बैलगाडीत भरून पुढच्या गावाची वाट धरतो. माझ्या चार प्रश्नांचा मथितार्थ एवढाच आहे.

पहिला प्रश्न, जागा कोणाची. उत्तर ठरलेलेच आहे, त्यामुळे त्यात फार वेळ घालवू नये. एकाच जागेवर अवलंबून राहू नये, एवढे ध्यानात ठेवावे. दुसरा, गिऱ्हाइकाचे नावगाव कोणाच्या वहीत. वर्गणी मालकामार्फत भरली गेली की प्रेक्षक कोण हे पुष्कळदा आपल्याला कळतच नाही. म्हणून आधी स्वतःची साधी वेबसाइट असावी, प्रेक्षकांचे पत्ते त्यांच्या संमतीने आपल्याजवळ असावेत, म्हणजे पाल हलले तर चार माणसांना नवा ठिकाणा सांगता येईल. तिसरा, उठावे लागले तर काय नेता येईल. ध्वनिमुद्रणे आपली हवीत, कलावंतांशी केलेले करार आपले हवेत. माझ्या दोन प्रकाशकांनी आजवर दुकान बंद केले, पण कादंबऱ्यांचे हक्क माझ्याकडे होते. तिसऱ्याने त्या छापल्या. ब्राइटस्क्रिप्टमध्ये लिहिलेले ॲप हे भोसरीचे यंत्र आहे. कीर्तन हे कीर्तनच राहते.

आणि चौथा प्रश्न, जो मी १९९४ साली विचारला नाही: बुडाले तर कोण बुडेल?

हा प्रश्न विचारणे घरात अवघड जाते. आईला वाटते, मुलाच्या कर्तबगारीवर शंका घेतली. मुलाला वाटते, मामा जुन्या काळात अडकलेत. पण कर्तबगारीचा इथे संबंधच नाही. भोसरीचा तो उद्योजक कर्तबगार होता. त्याच्या ब्रॅकेटमध्ये कधी दोष निघाला नाही. आपल्या हातात नसलेल्या कारणाने जो धंदा एका पत्रासरशी बंद होऊ शकतो, त्याच्यापायी आईचे छप्पर गहाण टाकू नये, एवढेच माझे म्हणणे. जे गमावले तर पुन्हा मिळवता येईल तेवढेच अशा जागी लावावे. तरुणाची दोन वर्षे पुन्हा मिळवता येतात. साठीच्या उंबरठ्यावरच्या बाईचे घर नाही.

बहीण त्या दिवशी फारसे न बोलता गेली. डबा आमच्याकडेच राहिला. आठ दिवस तिचा फोन नव्हता. पुढच्या रविवारी भाचा एकटाच आला, हातात एकच कागद. त्यावर त्याने मध्ये रेघ ओढून दोन रकाने केले होते, 'माझे' आणि 'त्यांचे'. पहिल्या रकान्यात तेव्हा तीनच ओळी होत्या, दुसरा तळापर्यंत भरला होता. पाच पेट्यांऐवजी आता एकच पेटी, आणि तिच्याआधी वेबसाइट. खर्च सहा लाख. चार त्याच्या साठवणीतले. उरलेले दोन मी माझी एक मुदतठेव मोडून दिले. बुडाले तर आमची काश्मीरची सहल बुडेल. आमच्या सौभाग्यवतींना हे अजून पुरते पटलेले नाही.

कदाचित मी चुकत असेन. कदाचित २५ लाखांत जे मोठे झाले असते ते सहा लाखांत लहान राहील, आणि कुणी दुसराच पुढे निघून जाईल. तसे झाले तर भाच्याने मला बोल लावावा, मी ऐकून घेईन. बहीण अजून फोनवर जरा तुटकच बोलते. पण घराचे कागद तिने परत कपाटात ठेवले आहेत, असे भाच्याकडून कळले. डबा नेऊन द्यायच्या निमित्ताने येत्या रविवारी तिच्याकडे जाईन म्हणतो.